जागल्याचा खुलासा

आमच्या सोलापुरात 'जागल्या' नावाचं एक दैनिक निघायचं. जागल्या म्हणजे गावावर पहारा करणारा. हा जागल्या एरवी ढाराढूर झोपलेला असे, आणि जागा झालाच तर दुसऱ्याच्या खिडकीखाली. पानं चार. एक जाहिरातींचं, एक भविष्याचं आणि बाजारभावांचं. उरलेल्या दोन पानांत संपादक वेणीमाधवराव समाजाला दिशा दाखवत. समाज ती दिशा नीट बघून घेई आणि उलटीकडे जाई.

माझ्यासारख्या माणसांची 'जागल्या'त पहिली नोंद झाली ती तिसऱ्या पानाच्या तळाशी. तिथं 'ऐकावे ते नवल' नावाचं सदर होतं. मजकूर कमी पडला की परदेशातलं काहीतरी चमत्कारिक तिथं ढकलून द्यायचं. एकदा बातमी आली, 'अमेरिकेत दोन पुरुषांनी एकमेकांस वरमाला घातल्या.' अमेरिकेत वरमाला कुठून आल्या हे वेणीमाधवरावांनाच ठाऊक. लग्न म्हटलं की माळ, यापलीकडे त्यांची कल्पनाशक्ती जात नसे. त्या बातमीच्या शेजारी जेऊरला दोन तोंडांचं वासरू जन्मल्याची बातमी होती. वासराचा फोटोसुद्धा होता.

मी दोन्ही बातम्या रत्नम्माला वाचून दाखवल्या. ती भाकरी थापत होती.

"वासरू जगलं का?" तिनं विचारलं.

"ते छापलेलं नाही."

"मग काय पेपर म्हनायचा ह्यो," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

आम्हा दोघींना काय म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मराठीत जे शब्द होते त्या शिव्या होत्या, आणि इंग्रजीतले शब्द रोगांच्या पुस्तकात होते. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. रत्नम्मा वळसंगची. नवऱ्यानं दुसरी आणली, हिला एष्टी स्टँडवर बसवलं आणि पाणी घेऊन येतो म्हणून गेला. तो अजून पाणीच आणतोय. तिनं माहेरी जायचं नाही असं तिथल्या तिथं ठरवलं आणि कडक भाकरी नि शेंगाची चटणी करून शाळेच्या फाटकाशी विकायला बसू लागली. मधल्या सुट्टीत मी भाकरी घ्यायची, दोन शब्द बोलायचे. पुढं तिला ताप भरला तेव्हा मी तिला बाळीवेशीतल्या माझ्या खोलीवर घेऊन आले. ताप उतरला. ती गेली नाही आणि मी जा म्हटलं नाही. याहून मोठी प्रेमकथा मला सांगता येत नाही. एका ताटात जेवायचो, एका पलंगावर निजायचो, मिठावरून भांडायचो. तिला मीठ जास्त लागायचं आणि मी जास्त आहे म्हटलं की राग यायचा.

मग पंचाहत्तर साल उजाडलं. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष! गावात ज्याला त्याला बायकांचा सत्कार करायची सुरसुरी आली. सत्काराला बायका पुरेनात. 'जागल्या'नं मागं का राहावं? वेणीमाधवरावांनी 'कर्तृत्ववान भगिनी' शोधून काढल्या आणि त्यांत रत्नम्माचं नाव आलं. स्वतःच्या पायावर उभी राहिलेली परित्यक्ता. तिला शिकवलं मी, हिशेब मी ठेवते, म्हणून जोडीला मलाही बोलावलं. व्यासपीठावर आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष गुरुसिद्धप्पा होते. पेठेत त्यांचं मोठं किराणा दुकान, माणूस तसा बरा. बरा म्हणजे वाऱ्याप्रमाणे सूप धरणारा, पण त्यात धान्य आपलंच असावं एवढंच बघणारा, दुसऱ्याचं सांडायला न जाणारा.

शाल झाली, नारळ झाला. आणि मग समोरच्या बायकांनी टाळ्या पिटून गलका केला, "नाव घ्या! नाव घ्या!" आमच्याकडं बाई चार माणसांत उभी राहिली की तिनं उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचंच. सत्कार कर्तृत्वाचा असो नाहीतर आणखी कशाचा, नवरा हवाच. आता हिचा नवरा पाणी आणायला गेलेला. मला वाटलं, ही रडते आता. रत्नम्मानं पदर खोचला, माझ्याकडं पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"कडक भाकरी, शेंगाची चटनी, वर दह्याची कवडी,
परभाबाईंचं नाव घेते, त्याच माज्या सवंगडी!"

परभाबाई म्हणजे मी, प्रभा. सभा हसून लोटपोट झाली. गुरुसिद्धप्पांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी 'जागल्या'नं पहिल्या पानावर फोटो टाकला आणि खाली उखाणा चौकटीत. मथळा काय, तर 'मैत्रीचा आदर्श'. 'पुरुषाच्या आधाराविना दोन भगिनींनी थाटलेला हा निर्मळ संसार पाहून कोणाचे मन भरून येणार नाही?' संसार हा शब्द त्यांचाच बरं का. आम्ही सुचवला नव्हता. माझं मन भरून आलं हेही खरं. पेपरात आपलं खरं छापून आलंय आणि छापणाऱ्याला ते कळलेलं नाही, यात एक वेगळीच मजा असते. आम्ही दोघी तो पेपर बघून किती हसलो होतो.

जूनमध्ये आणीबाणी आली. 'जागल्या'नं सरकारविरुद्ध कधी अवाक्षर काढलं नव्हतं, त्यामुळं त्याचं तोंड बंद करायला सरकारला कष्ट पडले नाहीत. पहिल्या पानावर वीस कलमी कार्यक्रमाची आरती सुरू झाली. तरी सेन्सॉरची कात्री कधीमधी चालायचीच. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात गिरणीतल्या कामगारांच्या कपातीची एक बातमी कुणीतरी भाबडेपणानं लिहिली होती. ती सेन्सॉरनं ऐन वेळी मारली. पानावर भलंमोठं भगदाड पडलं. जागा कोरी सोडायची सोय नव्हती. कोरी जागा म्हणजे निषेध, आणि निषेध करायला छाती लागते. मग समाजाचा ऱ्हास कामी आला. समाजाचा ऱ्हास कुठल्याही आकाराच्या भगदाडात बसतो.

त्यातच आमची घरमालकीण सावित्रम्मा हिनं किराणाच्या दुकानात आमचं कौतुक केलं होतं. कौतुकच हो! ती म्हणाली होती, "दोगी एका पलंगावर निजत्यात, एका ताटात जेवत्यात, पन भांडान म्हनून न्हाय. आमच्या सुनंला जरा सांगा की." हे कौतुक फिरत फिरत नव्या पेठेतल्या 'जागल्या'च्या कचेरीत पोचलं, तोवर त्याचं जे व्हायचं ते झालं होतं.

'कोठे चालला आहे समाज?' असा मथळा. खाली मजकूर, 'शहराच्या एका जुन्या भागात दोन प्रौढा एकाच खोलीत पतिपत्नीप्रमाणे राहत असल्याची कुजबूज आमच्या कानी आली आहे. पाश्चात्त्यांची ही विकृती आमच्या उंबरठ्यापर्यंत आलीच कशी? त्यांपैकी एकीच्या हाती कोवळ्या मुलींचे भवितव्य आहे. एकीने तर भर सभेत दुसरीचे नाव उखाण्यात घेण्यापर्यंत निर्लज्जपणाची मजल गाठली आहे. नावे देऊन आमची लेखणी विटाळण्याची आमची इच्छा नाही.'

लेखणी विटाळायची नव्हती, पण फोटो चालत होता. त्या काळी फोटो छापायचा म्हणजे जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. तो खर्चाचा, म्हणून जुने ब्लॉक खणात जपून ठेवायचे. भगदाड भरेना तेव्हा यांनी सत्काराचाच ब्लॉक बाहेर काढला. डोळ्यांवरचं जस्त खरवडून टाकलं. त्यामुळं छापताना आमच्या डोळ्यांच्या जागी पांढरे पट्टे आले आणि आम्ही अनोळखी झालो, असं त्यांना वाटलं. अंगावर तीच शाल, मागं 'महिला वर्ष' असा अर्धा फलक! फोटोत वेणीमाधवराव स्वतःही होते, नारळ देताना. तेवढा तुकडा त्यांनी करवतीनं कापून घेतला. पण नारळ रत्नम्माच्या हातात होता आणि नारळावर वेणीमाधवरावांचा हात होता. हात कापला असता तर नारळही गेला असता, आणि भगदाड उरलं असतं. म्हणून तो मनगटापर्यंत राहिला, पुष्कराजाच्या टपोऱ्या अंगठीसकट. ती अंगठी अख्ख्या नव्या पेठेला ठाऊक होती.

सकाळी रत्नम्मानं पेपर हातात धरला. मराठी ती अक्षर लावून लावून वाचायची. शाळा तिची कानडी, तीही तिसरीपर्यंत. मी मजकूर वाचून दाखवला. ती फोटोच बघत राहिली.

"लुगडं बरं आलंय माजं," ती म्हणाली. मग पेपर खाली ठेवून म्हणाली, "डोळं कशाला काडले वो बाई?"

 त्या दिवशी तिच्या भाकऱ्या कुणी घेतल्या नाहीत. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबायचं. ज्या बायकांनी "नाव घ्या" म्हणून टाळ्या पिटल्या होत्या त्याच आता म्हणत होत्या, "आम्हाला तेव्हाच शंका आली होती." यांना शंका नेहमी तेव्हाच येते आणि नंतर सांगायची असते.

पण गंमत पुढं झाली. गावाची जीभ, ती काय एकट्या आमच्यावर थांबणार? चार दिवसांत चहाच्या हॉटेलात लोक विचारू लागले, "वेणीमाधवराव, त्या बायकांना नारळ देणारा हात कुणाचा हो?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एकानं तर म्हणे विचारलं, "विकृती उंबरठ्यावर आली कशी म्हणता, तुम्हीच नारळ देऊन घेतलीत की!" वेणीमाधवरावांनी अंगठी काढून ठेवली. बोटावरचा पांढरा वळ मात्र राहिला आणि लोकांना तोही दिसायचा.

गुरुसिद्धप्पांनी मला पेढीवर बोलावलं. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाई, मला काय त्याचं न्हाय. तुमी गणित चांगलं शिकवता, पोरी पास हुतात. घरात कोन कसं निजतंय ते मला काय करायचंय? पन पेपरात आलं की हो!"

"पेपरात आलं म्हणजे काय झालं?"

"आता काय सांगू तुमाला? पेपरात आलं म्हंजे आलं. पालक येत्यात, इचारत्यात. पेपरात आलेलं पेपरानंच जातं बाई. एक जाहीर खुलासा टाका. वेणीमाधवरावांस्नी बी पायजेच हाय. न्हाय तर कमिटी तुमाला ठिवायची न्हाय. मी एकटा काय करणार?"

आमच्या गावात ही रीतच होती. कुणी म्हणे अमुक दिवाळं काढून पळाला, की दुसऱ्या आठवड्यात त्याचा जाहीर खुलासा. कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं म्हणून छापून आलं, की खुलासा. खुलासा छापला की आधीची बातमी झालीच नाही असं सगळ्यांनी मानायचं. खरं काय याच्याशी कुणाला देणंघेणं नसे. छापलेलं छापलेल्यानं फिटायचं.

दुसऱ्या दिवशी वेणीमाधवराव स्वतः आमच्या खोलीवर आले, मजकूर तयार करून. आमच्याच एकुलत्या खुर्चीवर बसले. पलंगाकडं बघायचं नाही असं ठरवून आले होते, त्यामुळं सारखे पलंगाकडंच बघत होते.

"प्रभाताई, तुम्हाला त्रास व्हावा असा आमचा हेतू नव्हता. समाजहिताची बातमी होती. आता हे वाचा, म्हणजे सगळं मिटेल."

मी वाचलं. 'कु. प्रभा या आमच्या शहरातील आदरणीय शिक्षिका असून रत्नम्मा ही त्यांचेकडे स्वयंपाकीण म्हणून कामास आहे. तिची राहण्याची सोय दयाबुद्धीने करण्यात आली आहे. याउपर कोणी गैरसमज करून घेऊ नये.'

"स्वयंपाकीण?"

"मग दुसरं काय लिहिणार? बहीण म्हणावं तर तुम्ही ब्राह्मण, ती लिंगायत. मैत्रीण म्हणावं तर तो शब्द आता खराब झालाय."

"कुणी केला?"

ते खाली बघायला लागले. मी कागद परत दिला. म्हटलं, "वेणीमाधवराव, आमच्या घरात तिच्या हातचं मी खाते आणि माझ्या हातची दांडकी तिनं खाल्ली आहेत, अक्षरं शिकताना. पण नोकर कुणीच कुणाचं नाही. सही करणार नाही. जा तुम्ही."

"नोकरी जाईल ताई."

"जाऊ दे."

जिना उतरताना त्यांच्या वहाणांचा आवाज येत होता. तो थांबल्यावर रत्नम्मा चुलीपासून उठली.

"सही का केली न्हाय?"

"तू स्वयंपाकीण आहेस?"

"सैपाक तर करतेच की रोज. एक सबूद लिवल्यानं माजं काय झिजतंय?"

"माझं झिजतंय."

"तुमचं झिजायला तुमी काय साबन हाय व्हय?" ती हसली. मी हसले नाही. मग ती जवळ येऊन बसली. "बाई, शाळा गेल्यावर तुमी काय करनार? माज्यासंगं भाकरी थापनार? तुमची भाकरी अजून गोल व्हत न्हाय. आन् शाळा गेली की ही खोली बी जाईल. मग तुमी पुन्याला भावाकडं, आन् मी कुटं? वळसंगला? आपुन दोगी एका जागी राहायचं तर कुनीतरी एकीनं खाली बसाया लागतंय."

"मी नाही बसू देणार," मी म्हटलं. "साकु," ती म्हणाली, म्हणजे पुरे, आणि विषय तिथं थांबला असं मला वाटलं.

थांबला नव्हता. मी शाळेत असताना ती एकटी नव्या पेठेत गेली आणि त्या कागदावर कानडीत आपलं नाव घालून आली. माझी सही लागलीच नाही. 'मी, रत्नम्मा, राहणार वळसंग, असा खुलासा करते की' असं सुरुवातीला घातलं की झालं. शुक्रवारच्या अंकात चौरंगावर मांडलेल्या ताटासारखा चौकटीत तो खुलासा आला.

मी तिच्यावर ओरडले. इतकी ओरडले की सावित्रम्मा वर आली. आणि सावित्रम्मा दारात दिसली मात्र, रत्नम्मा पलंगावरून उतरून चुलीपाशी जमिनीवर बसली. इतक्या सहज, की जणू तिथंच बसलेली होती. सावित्रम्मा खुलासा ऐकून आली होती. "आता गं बया, सैपाकीन हाय व्हय तू! आदी सांगायचंस की. मग बाईंचं झालं की माजी बी चार भांडी घासत जा."

गावाचा जीव भांड्यात पडला. स्वयंपाकीण! मग काय बिघडलं? मालकिणीच्या खोलीत स्वयंपाकीण निजली तर त्याला दया म्हणतात. भाकऱ्या पुन्हा खपू लागल्या. वेणीमाधवरावांच्या बोटात अंगठी परत आली. गुरुसिद्धप्पांच्या घरून निरोप आला, "मुलीच्या लग्नात तुमची बाई भाकऱ्या थापायला धाडा." या सगळ्यांना एकदाही वाटलं नाही की, महिला वर्षात शाल पांघरून जिचा सत्कार केला तीच ही.

पण घरात काय झालं ते कुणी छापलं नाही. रत्नम्मानं जे काम अंगावर घेतलं ते ती चोख करायची. जिन्यावर पाऊल वाजलं की ती पलंगावरून उतरायची. पाहुणा असेतो बसायची नाही. माझं झाल्यावर जेवायची, कोण कधी येईल सांगता येत नाही म्हणून. मी ताट एकच वाढलं तर आपला घास उचलून चुलीपाशी जायची. सवयच झाली तिला. कधी कधी कुणीही आलेलं नसताना मी शाळेतून दारात पाऊल टाकलं तरी ती पलंगावरून उठायची. मग ओशाळून हसायची. त्या हसण्यानं मला जितकं जाळलं तितकं त्या फोटोनंही नव्हतं जाळलं.

सत्याहत्तरच्या मार्चात निवडणूक झाली, सरकार पडलं आणि 'जागल्या'ला एका रात्रीत दात फुटले. वेणीमाधवरावांनी 'अंधारातील पहारा' नावाची लेखमाला लिहायला घेतली. त्यात ते दर आठवड्याला तुरुंगात जाता जाता थोडक्यात वाचत. वीस कलमी आरत्या कुणाला आठवत नव्हत्या. गावोगाव त्यांची भाषणं होऊ लागली. विषय एकच, लेखणीचं स्वातंत्र्य. त्यांची लेखणी इतकी स्वतंत्र, की तिला कालचं आठवायचंसुद्धा बंधन नव्हतं.

डिसेंबरात आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. प्रमुख पाहुणे वेणीमाधवराव, अध्यक्ष गुरुसिद्धप्पा. आभारप्रदर्शन माझ्याकडं, नेहमीसारखं. आभार मानायचं काम कायम गणिताच्या बाईंकडं, कारण त्या लांबवत नाहीत.

वेणीमाधवराव बोलायला उभे राहिले. आणीबाणीत आपण कसे झुंजलो ते सांगितलं. समोर सतरंजीवर बसलेल्या पोरी जांभया देत होत्या. मग त्यांनी आवाज मऊ केला.

"त्या काळोखातही आम्ही माणुसकी सोडली नाही. याच शाळेतील एका शिक्षिकेवर किटाळ आले होते. एक साधा खुलासा छापून आम्ही त्या भगिनीची अब्रू वाचवली. नाव घेत नाही. ती आज इथेच बसली आहे."

नाव न घेण्याची त्यांची ही दुसरी खेप. सगळ्या शाळेच्या माना माझ्याकडं वळल्या. टाळ्या पडल्या. गुरुसिद्धप्पांनीही वाजवल्या, जरा हळू. मी आभारासाठी उठले तेव्हा हातात कागद होता, नावांचा, कुणी कुणी मंडप दिला, कुणी ध्वनिक्षेपक. तो मी वाचला. मंडपवाल्यांचे आभार मानले, ध्वनिक्षेपकवाल्यांचे मानले. शेवटी म्हणाले,

"प्रमुख पाहुण्यांनी ज्या खुलाशाचा उल्लेख केला, तो खोटा आहे. रत्नम्मा माझी स्वयंपाकीण नाही. ते घर आम्हा दोघींचं आहे. खुलाशाच्या आधी जी बातमी आली होती तिच्यात शिव्या तेवढ्या यांच्या होत्या. बाकी ती खरी होती. आम्ही एकमेकींच्या आहोत. रत्नम्मानं माझ्या नोकरीसाठी स्वतःला नोकर म्हणवून घेतलं. तिचे आभार आजवर कुणी मानले नाहीत, ते मी मानते."

 समोर इतकी शांतता मी वर्गात कधी मिळवू शकले नव्हते. जांभया देणाऱ्या पोरी ताठ बसल्या होत्या. वेणीमाधवराव आपली अंगठी फिरवत होते. आणि मग गुरुसिद्धप्पांनी संगीताच्या मास्तरांना खूण केली, मास्तरांनी पेटीवर सूर धरला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे उठून उभे! राष्ट्रगीतात कुणाला हलता येत नाही, बोलता येत नाही, कुजबुजता येत नाही. संपलं तेव्हा कार्यक्रमही संपला होता.

घरी येऊन मी रत्नम्माला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल. तिनं हातातली पळी खाली ठेवली.

"समद्यांम्होरं म्हनालात?"

"सगळ्यांसमोर."

"माजं नाव घेऊन?"

"हो."

"शाळा गेली आता तुमची."

"गेली."

ती उठली, एकच ताट घेतलं, दोघींचं वाढलं आणि माझ्यासमोर पलंगावर मांडी घालून जेवायला बसली. भाजीत मीठ जास्त होतं. मी काही म्हटलं नाही.

सकाळी 'जागल्या' आला. आम्ही दोघींनी पलंगावर बसूनच तो उघडला. तिसऱ्या पानावर संमेलनाची बातमी होती, चांगली हातभर. पाहुण्यांचं भाषण, मुलींचं टिपरी नृत्य, मंडपवाल्यांचं नाव. शेवटची ओळ, 'कु. प्रभा यांनी आभार मानले.'

"कुटं हाय आपलं?" रत्नम्मा अक्षरावरून बोट फिरवत होती.

"नाही छापलं."

"कायच न्हाय?"

"आभार मानले, एवढंच."

तेवढ्यात जिन्यावर पाऊल वाजलं. गुरुसिद्धप्पा होते, हातात घडी केलेला 'जागल्या', चेहरा उजळलेला. एवढा आनंदी माणूस मी सकाळी सकाळी फार दिवसांनी पाहत होते.

"बगितलं का बाई? पेपरात कायच न्हाय! वेणीमाधवरावांनी शब्द पाळला बगा. रात्री मी जाऊन बसलो त्यांच्याकडं. आता झालं. पेपरात न्हाय म्हंजे काय झालंच न्हाय. तुमी सोमवारी शाळंत या निवांत." मग ते खुर्चीवर टेकले आणि रत्नम्माकडं न बघताच म्हणाले, "च्या टाक गं जरा."

रत्नम्मा पलंगावर बसलेली होती. ती उठली. सवयीनं उठली, आणि उठल्यावर तिच्या ध्यानात आलं. ती तशीच उभी राहिली. पुढं जाईना की बसेना.

"बस तू," मी म्हटलं. "चहा मी टाकते. आणि गुरुसिद्धप्पा, हिच्याशी बोलायचं तर हिच्याकडं बघून बोला."

गुरुसिद्धप्पा चहा न घेताच उठले. काम होतं म्हणे. सोमवारी या, असं जिन्यातून पुन्हा एकदा ओरडून सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी माझ्यावर केवढे उपकार केले होते! मी गावासमोर जे बोलले ते त्यांनी एका रात्रीत पुसलं होतं, आणि मी त्याबद्दल त्यांची ऋणी राहणार होते.

मी वळले तर रत्नम्मा अजून उभीच होती. तिनं पेपर पलंगावरून उचलला, ती शेवटची ओळ पुन्हा लावून लावून वाचली आणि ठेवून दिला.

"म्हंजे पेपरात मी अजून सैपाकीनच हाय की, बाई."

मी तिचा हात धरला.  आपण दुसरा खुलासा देऊ, दुसऱ्या पेपरात देऊ, असं काहीतरी मी बडबडले. तिनं मान हलवली. सत्कारात ती रडली नव्हती, तो फोटो आला तेव्हा रडली नव्हती, नव्या पेठेत जाऊन सही करून आली आणि मी ओरडले तेव्हाही रडली नव्हती.

"सही केली तवा कायच वाटलं न्हाय," ती म्हणाली. "आज वाटलं."

आणि ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. खाली रस्त्यावर पेपरवाला अजून ओरडत चालला होता.